हयातीचा दाखला

गुरुजींच्या घरची मंडळी, आणि एप्रिलच्या या उकाड्यात पोलादपूरपासून, बिरवाडीपासून, कुठल्या कुठल्या वाड्यांवरून शेवटच्या एसटीची चिंता बाजूला ठेवून आलेले तुम्ही सगळे,

या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझं नाव छापून आलं, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. ज्या माणसाने सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बिलांवर ‘आक्षेप’ लिहिण्यात घालवली, तो आता भाषण करणार? हशा रास्त आहे. मी ट्रेझरीतला माणूस. सरकारी भाषेत उपकोषागार. तिथे बोलण्याची सवय लागत नाही, बेरीज करण्याची लागते. तेव्हा आज मी तुमच्यापुढे एक बेरीजच मांडणार आहे. तुम्ही ती तपासा, आणि चुकली असेल तर आक्षेप लिहा.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते माझे शिक्षक नव्हते. माझी त्यांची ओळख खिडकीच्या गजांमधून झाली. ते पेन्शनर, मी कारकून. दर नोव्हेंबरला ते हयातीचा दाखला द्यायला यायचे. कागदावर सही करताना माझ्याकडे चष्म्यावरून बघून विचारायचे, “मी जिवंत आहे, हे तुला दिसतंय ना?” मी म्हणायचो, “दिसतंय, गुरुजी.” “मग कागद कशाला?” मी म्हणायचो, “मला दिसतंय, पण सरकारला दिसत नाही.” दर वर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. आम्ही दोघंही हसायचो. त्या हसण्यात किती मोठा विषय दडलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. तोच आजचा विषय आहे.

सरकार आपल्या सुरक्षिततेवर पैसा खर्च करतं. सीमेवर करतं, पोलिसांवर करतं, पूर आणि दरडीवर करतं, आणि थोडा परदेशातल्या माणसांवरही करतं. हा पैसा कधी येतो? माणूस जिवंत असताना, की गेल्यावर? एवढा एकच प्रश्न मला विचारायचा आहे. बाकी सगळं त्याचं विवरणपत्र समजा.

आधी एक गंमत सांगतो. सरकारच्या प्रत्येक खर्चाला एक आकडा असतो. त्याला आम्ही हेड म्हणतो, शुद्ध भाषेत लेखाशीर्ष. प्रत्येक विषयाचं प्रधान शीर्ष देशभर एकच. पोलीस म्हटलं की २०५५. भूदल म्हटलं की २०७६, नौदल २०७७, हवाई दल २०७८. रस्ते आणि पूल ३०५४. परदेशांना द्यायचं तांत्रिक आणि आर्थिक साहाय्य ३६०५. आणि आपला, महाड-पोलादपूरचा म्हणावा असा आकडा २२४५. बावीस पंचेचाळीस. नैसर्गिक आपत्तीच्या निवारणासाठी साहाय्य. पत्ता जसा पिनकोडवरून कळतो, तसं आम्हाला बिल न वाचता हेडवरून दुःख कळायचं. टेबलावर बावीस पंचेचाळीसचा गठ्ठा आला, की समजायचं, कुठेतरी डोंगर खाली आला.

आता पहिला मुद्दा, सैन्याचा.

२०२५–२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा एकूण आकडा आहे सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपये. त्यात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार कोटी. शंभर रुपयांतले साडेतेरा. हा पैसा फुकट जातो असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, आणि या तालुक्यात उभं राहून तसं म्हणण्याची माझी छातीही नाही. याच महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून शंभराहून अधिक माणसं गेली आणि आजही घराघरांतून फौजेत माणूस आहे. पोलादपुरात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. आणि महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून निवृत्त झालेले, यांनी १८९०च्या दशकात सरकारकडे अर्ज केला होता, की महारांची सैन्यभरती बंद केलीत ती पुन्हा सुरू करा. का केला असेल? फौजेची नोकरी म्हणजे पगार होता, पलटणीतली शाळा होती, म्हातारपणी पेन्शन होती, आणि माणूस म्हणून ताठ उभं राहण्याची जागा होती. सावित्रीपलीकडे मंडणगडात आंबडवे आहे. तिथल्या सुभेदार रामजींच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांच्या, घरात शिक्षण आलं, त्यामागे ही पलटणीची शाळा होती. संरक्षणाचा पैसा फक्त तोफेत जात नाही, पाटीपेन्सिलीतही जातो, हे कोकणाइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी सुमारे १ लाख ६० हजार कोटी निव्वळ पेन्शन आहे. हा पैसा लडाखला जात नाही, तो पोलादपूरच्या बाजारात येतो. फौजीची विधवा पदराच्या गाठीत पासबुक बांधून यायची, अंगठा उठवायची, आणि त्यातून नातवाची फी भरली जायची. आता ‘स्पर्श’ नावाची यंत्रणा आली, सगळं संगणकावर गेलं. पण दाखला सुटला नाही. वर्षातून एकदा सांगावंच लागतं, की मी जिवंत आहे.

पण मला सैन्याच्या खर्चातली एक वेगळीच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. लढाई झाली नाही तर आपण काय म्हणतो? गेली काही वर्षं मोठं युद्ध झालं नाही, मग रणगाडे फुकट घेतले, असं कोणी विधानसभेत उठून म्हटलंय? लोकसभेत? चहाच्या टपरीवर तरी? नाही. उलट आपण म्हणतो, तयारी होती म्हणून लढाई टळली. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, ते या मातीत आहे. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मी काय सांगावं? शिवकाळातला १६७१–७२च्या सुमाराचा एक कागद आहे, गडकोटांच्या इमारतींसाठी केलेल्या तरतुदीचा. सुमारे पावणेदोन लक्ष होन, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा, ५० हजार होन, रायगडाला. शत्रू दरवाजात येण्याची वाट न बघता, निवांत वेळी, गडवार यादी करून पैसा नेमून ठेवला. याला म्हणतात आधीचा पैसा. राज्याभिषेक त्यानंतर, १६७४ला.

हा न्याय नीट लक्षात ठेवा. न झालेल्या लढाईसाठी केलेला खर्च हा वाया गेलेला खर्च नसतो. आता हा न्याय खिशात टाका आणि माझ्याबरोबर डोंगराकडे चला.

दुसरा मुद्दा, दरडीचा. हा जरा लांबेल. लांबायलाच हवा, कारण हा आपल्या घराचा आहे.

२५ आणि २६ जुलै २००५. सगळ्या जगाला त्या दिवसांची मुंबई आठवते. महाडकरांना दासगाव आठवतं, जुई आठवते, रोहन आठवतं, कोंडिवते आठवतं. दरडींखाली दीडशेहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी डिसेंबरात देशाने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याला आधीच्या वर्षीची त्सुनामी कारण होती. पुढच्या वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं, एनडीआरएफ.  आणि आपल्या मातीखाली गेलेल्यांच्या मागे उरलेले? दासगावच्या दरडग्रस्तांनी पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले, ते इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी स्वतः पाहिलंय.

२ ऑगस्ट २०१६ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी आणि एक मोटार नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं. पुलालगतच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका तरुणाच्या लक्षात आलं म्हणून मागची वाहनं थांबली, नाहीतर आकडा कुठे गेला असता? सुरक्षिततेच्या कुठल्याच हेडवर त्या तरुणाचा पगार नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती, धोका आढळला नव्हता, हे सरकारनेच नंतर सांगितलं. म्हणजे तपासणी होती, रजिस्टर होतं, शेरा होता. पूल मात्र नव्हता.

आणि पुढे काय झालं? नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. सुमारे ३६ कोटी रुपये. ५ जून २०१७ला वाहतूक सुरू झाली. मी स्वतः त्या पुलावरून चालत गेलो. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? मधोमध थांबलो तेव्हा मात्र डोक्यातला कारकून जागा झाला. १६५ दिवसांत होणारं काम होतं तर. ३६ कोटींत होणारं काम होतं. मग ते २ ऑगस्टच्या आधी १६५ दिवस का सुरू झालं नाही? पैसा नव्हता म्हणू नका, पैसा होता, पुढच्या वर्षभरात तोच आला. अक्कल नव्हती म्हणू नका, तेच इंजिनिअर होते. नव्हतं ते फक्त मरण. आमच्या भाषेत सांगायचं तर बिलाला जोडायचं सहपत्र कमी होतं.

२४ ऑगस्ट २०२०. महाड शहरात काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत पडली, सोळा माणसं गेली. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस. सावित्री तिथेच उगम पावते, आणि तिथे पडलेलं पाणी शेवटी आपल्या दारात येतं, हे भूगोलाच्या गुरुजींनी सांगायची गरज नाही. महाडची बाजारपेठ बुडाली, माळ्यावर चढवलेला मालही गेला. नदीतला गाळ, दासगावच्या अंगाला आवळलेलं पात्र, खाडीची भरती, हे सगळं आपण वर्षानुवर्षं बोलत होतो. गाळ मोठ्या प्रमाणावर निघायला लागला तो २०२१च्या पुरानंतर. आणि त्याच दिवशी तळीये दरडीखाली गेलं. ऐंशीहून अधिक माणसं. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी, अकरा माणसं. रस्ते तुटलेले, फोन बंद, हेलिकॉप्टरला हवामान नाही. बाहेरची मदत पोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर आजूबाजूच्या गावांतली माणसं कुदळी, फावडी आणि नुसत्या हातांनी उकरत होती. शेवटी शोध थांबवावा लागला. जे सापडले नाहीत, त्यांना मृत घोषित करावं लागलं.

इथे जरा थांबतो. ‘घोषित करावं लागलं’ म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. एरवी बेपत्ता माणसाला मेलेला मानायला कायदा सात वर्षं घेतो. इथे ते लवकर करावं लागलं, कारण त्याशिवाय मागे राहिलेल्यांना बावीस पंचेचाळीसचा पैसा मिळेना. केंद्राच्या निकषांप्रमाणे मृतामागे चार लाख रुपये. त्याला काय काय जोडायचं? पंचनामा, वारसाचा कागद, आणि मृत्यूचा दाखला. तहसीलदारांच्या सहीचं बिल येतं, आम्ही सहपत्रं मोजतो, पास करतो. या गठ्ठ्यांवर मी उगाच आक्षेप लिहिला नाही, एवढंच माझं पुण्य.

आता कळलं गुरुजींच्या प्रश्नातलं मर्म? पेन्शनचा पैसा मागतो हयातीचा दाखला. दरडीचा पैसा मागतो मृत्यूचा दाखला. एका खिडकीवर माणसाला जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, दुसऱ्या खिडकीवर मेल्याचं. एकाच ट्रेझरीत, शेजारी शेजारी.

कोणी म्हणेल, साहेब, हे भावनेचं झालं, आकडे सांगा. सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांच्या आपत्ती निधीला मिळून १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपये धरले. केंद्राचा आणि राज्यांचा वाटा मिळून. आयोगाने एक फार शहाणपणाची गोष्ट केली. या पैशाचे दोन भाग केले. ८० टक्के आपत्ती आल्यावर लागणारा, आणि २० टक्के आपत्ती येऊच नये किंवा आली तरी बोथट व्हावी म्हणून. त्याला ‘सौम्यीकरण’ असं नाव आहे. शब्द तोंडात नीट बसत नाही, पण कल्पना सोन्यासारखी आहे. आधीच्या पैशाला पहिल्यांदा स्वतंत्र कप्पा मिळाला.

पण कप्पा केवढा? पाच वर्षांत सुमारे ३२ हजार कोटी. वर्षाला साधारण ६ हजार ४०० कोटी. सगळ्या राज्यांत मिळून! आता संरक्षणाचा एक टक्का काढा. ६ हजार ८०० कोटी. म्हणजे देशातल्या सगळ्या राज्यांतल्या सगळ्या दरडी, सगळे पूर, सगळी वादळं यांना आधीच आवर घालण्यासाठी राज्यांच्या आपत्ती निधीत नेमलेला वर्षाचा वाटा, संरक्षणावरच्या वर्षाच्या खर्चाच्या एक टक्क्याहून कमी. इतर हेडखालीही कामं होतात, बंधारे होतात, संरक्षक भिंती होतात, राज्याची स्वतःची पॅकेजं असतात, हे मी विसरलेलो नाही. २०२१च्या पुरानंतर राज्याने ११ हजार ५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातले ७ हजार कोटी अशाच लांब पल्ल्याच्या कामांसाठी होते. पण बघा, तेही ‘पुरानंतर’च.

सैन्याचे पैसे काढून डोंगराला द्या, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं साधं आहे. सैन्याला लावतो तोच न्याय डोंगराला लावा. न झालेली लढाई हे तयारीचं यश मानता ना? मग न पडलेली दरड हेही यश माना. आज होतं काय, की एखाद्या वाडीच्या डोक्यावर पाणी वळवायचा चर मारला आणि तिथे दहा वर्षं काही पडलं नाही, की हिशेब तपासणारा विचारतो, इथे काही झालंच नाही, मग खर्च कशाला केला? अरे बाबा, काही झालं नाही, यासाठीच केला!

आणि पैसा आला तरी तो कधी येतो? ट्रेझरीतलं हे एक गुपित आज फोडतो. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च. कोकणाचं वर्ष मृगापासून सुरू होतं. डोंगरात काम करायचे खरे दिवस दिवाळी ते मे. पण अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश ही पाच दारं ओलांडून निधी येतो तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. ३१ मार्चच्या रात्री आम्ही डोळ्यांत तेल घालून बिलं पास करायचो. एप्रिल आणि मे हाताशी उरतात, तेवढ्यात जमेल तेवढं काम, आणि जूनमध्ये पहिल्याच पावसाने त्यातलं निम्मं वाहून नेलेलं. भ्रष्टाचार वगैरे पुढची गोष्ट झाली. आधी दोन पंचांगं तरी जुळवा!

यादीचंही तसंच. दरडप्रवण गावांची यादी असते. त्यात नाव असेल तर नोटीस येते, पाहणी होते. १९ जुलै २०२३च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी गाडली गेली. ती यादीत नव्हती, हे विधिमंडळात सांगितलं गेलं. खोटं नव्हतं. पण मग यादी कोणासाठी असते? डोंगराने वाचावी म्हणून?

तिसरा मुद्दा, परदेशाचा. हा थोडक्यात सांगतो, कारण यात पैसा कमी आणि गैरसमज जास्त आहेत.

आमच्याकडे साकव नाही, पोरं पऱ्या ओलांडून शाळेत जातात, आणि सरकार भूतानला पैसे देतं, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकलंय, एकेकाळी बोललोयही. मग एकदा त्या साहाय्याचा आकडा काढून बघितला. २०२५–२६मध्ये परदेशांना साहाय्य म्हणून सुमारे ५ हजार ४८३ कोटी. त्यात सगळ्यांत मोठा वाटा भूतानचा, २ हजार १५० कोटी. देशाच्या शंभर रुपयांच्या खर्चात हे साहाय्य किती? अकरा पैसे. ते उद्या बंद केलं, तरी आपला साकव होणार नाही. तो अडलाय दुसऱ्याच टेबलावर. भूतानला गेलेला पैसा रस्त्यात, पाण्यावरच्या विजेत, शेजाऱ्याच्या भरवशात परत येतो. गावात शेजाऱ्याच्या घरच्या कार्याला आपण उगाच का पाट-चौरंग उचलून देतो?

आणि आपण घेतलेलं विसरायचं का? ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या पुनर्वसनात जागतिक बँकेचं कर्ज होतं, परदेशी मदत होती. जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्तीचे आराखडे करण्याचं काम महाराष्ट्रात सुरू झालं, ते त्याच सुमाराला. म्हणजे महाडच्या तहसीलमधल्या आपत्ती कक्षाची मुळं लातूरच्या ढिगाऱ्यात आणि काही अंशी परक्यांच्या पैशात आहेत. २००४च्या त्सुनामीत मात्र देशाने बाहेरची मदत नाकारली आणि स्वतः श्रीलंकेला, मालदीवला माणसं पाठवली. २०१५ला नेपाळ, २०२३ला तुर्कस्तान, २०२५ला म्यानमार. एनडीआरएफची पथकं विमानाने निघाली, परक्या ढिगाऱ्यांतून माणसं काढली. मला याचा अभिमान आहे.

पण अभिमानाबरोबर एक हिशेबही आहे. तुर्कस्तानला विमान उतरायला धावपट्टी होती. तळीयेला रस्ता उरला नव्हता. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला दलाची बटालियन असली, तरी मधल्या घाटात दरड पडली की ती कितीही शूर असो, घाटाच्या पलीकडेच राहणार. म्हणूनच महाडला तळ हवा, अशी मागणी झाली, आणि सरकारने ती मानून शासकीय दूध योजनेची जागा त्यासाठी ठरवली. योग्यच झालं. तरी लक्षात ठेवा, की महाडला तळ झाला, तरी केवनाळ्याला पहिला पोचणार तो केवनाळ्याच्या शेजारचाच. २८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात बस दरीत गेली. तिशीवर माणसं होती, वाचला एकच. दोर घेऊन दरीत पहिले उतरले ते पोलादपूरचे तरुण आणि महाबळेश्वरचे ट्रेकर. त्यांच्या दोराचं बिल कुठल्या हेडवर पडलं? माझ्या खिडकीवर तर कधी आलं नाही.

परदेशी मदतीचा धडा हाच आहे. मदत म्हणजे मुळात शेजार. आपण नेपाळचा शेजार ओळखला आणि केवनाळ्याच्या शेजाऱ्याला मात्र हेल्मेट, दोर, बॅटरी आणि विम्याचा कागद दिला नाही, तर बेरीज चुकली.

आता बेरीज करतो. पैसा आहे. न्याय माहीत आहे, तो आपण सीमेला लावतोच. माणसं आहेत, न सांगता धावतात. मग कमी काय आहे? मला वाटतं, मागणारा कमी आहे. आधीचा पैसा मागणारा. गेल्यावर मागणारे पुष्कळ आहेत. फुलं घेऊन येणारेही आहेत.

मागायचा हक्क आपल्याला कोणी शिकवायचा? या गावात? १९२३ला मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याचा गाभा ट्रेझरीतल्या माणसाला लगेच कळतो. जी पाणवठ्याची ठिकाणं, ज्या विहिरी, ज्या शाळा सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधल्या आणि चालवल्या जातात, त्या अस्पृश्यांना खुल्या असल्या पाहिजेत. धर्म, रूढी यांच्या आधी त्यात पैशाचं एक साधं तत्त्व आहे. पैसा सगळ्यांचा, तर पाणीही सगळ्यांचं. १९२४ला महाडच्या नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पाणी तळ्यात होतं, ठराव दप्तरात होता, मध्ये फक्त माणसांनी चालत जायचं बाकी होतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं चालत गेली, तेव्हा तो ठराव खरा झाला. मंजूर गोष्ट आपोआप मिळत नाही. ती घ्यायला उठून चालत जावं लागतं. महाडने हे सगळ्या देशाला शिकवलं आणि स्वतः विसरलं, असं कसं चालेल?

चालत कुठे जायचं, तेही सांगतो. फार लांब नाही. पुढच्या आठवड्यात १ मे आहे. महाराष्ट्र दिन, आणि गावोगाव ग्रामसभा. पावसाळ्याआधीची ही शेवटची. दर वर्षी झेंडा होतो, चहा होतो, रजिस्टरवर सह्या होतात, सभा संपते. या वर्षी एक करा. ग्रामसभेत एक कागद लिहा. सरकारी नमुना शोधू नका. मीच तुम्हाला नमुना देतो, चार ओळींचा.

पहिली ओळ: वाडीच्या वरच्या डोंगरात नवी भेग आहे का, झाडं कलली आहेत का, झऱ्याचं पाणी गढूळ झालंय किंवा अचानक आटलंय का, आणि हे कोणी, कोणत्या तारखेला चढून बघितलं. दुसरी ओळ: रात्री पळायची वेळ आली तर वाट कोणती, आणि शाळेची किल्ली कोणाकडे. तिसरी ओळ: या वाडीत आज किती माणसं राहतात, त्यांत चालता न येणारी किती. चौथी ओळ: सौम्यीकरणाखाली या गावासाठी किती रुपये मंजूर झाले, किती आले, आणि काम दिवाळीनंतर सुरू होणार की मार्चनंतर. खाली सरपंचांची सही, पोलीस पाटलांची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का. एक प्रत तहसीलला, एक आपल्या दप्तरी. पोच घ्यायला विसरू नका. पोच घेतली नाही, तर कागद गेला असं समजू नका, हे मी अनुभवाने सांगतो.

या कागदाला नाव काय द्यायचं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. गुरुजी दर नोव्हेंबरला जो द्यायचे, तोच. फरक एवढाच, की तो एका माणसाचा होता, हा गावाचा आहे; तो थंडीत द्यायचा, हा पावसाच्या आधी.

आता गुरुजींच्या प्रश्नाचं माझं उत्तर बदललंय. “मी जिवंत आहे हे दिसतंय ना, मग कागद कशाला?” गुरुजी, कागद अशासाठी, की आपण आहोत हे आपणच सांगितलं नाही, तर सरकार आपल्याकडे दुसराच दाखला मागतं. १ मेला सभेला या.